आधी अस्तर बदला : पाळी जाण्याच्या काळात नाशिकच्या उन्हाळ्यासाठी कपडे

दोन वर्षांपूर्वी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बसले होते. हातात पन्ह्याचा पेला, ताटलीत कैरीची डाळ, डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. आणि छातीतून काहीतरी गरम निघून मानेवर, मग कानापर्यंत चढत गेलं. मिनिटभरात ब्लाऊज पाठीला चिकटला, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्याशी आलं. शेजारच्या वहिनींनी पदराने वारा घातला आणि हळूच म्हणाल्या, "सुरू झालं वाटतं तुझंही." घरी येऊन ब्लाऊज काढला, उलटा केला आणि त्याच्याकडे बघत बसले. वरचं कापड चांगलं सुती होतं. आतलं अस्तर मात्र सुती नव्हतं.

मी पंचवटीत घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, 22 वर्षं झाली. चाळिशी ओलांडलेल्या बायका माझ्याकडे येतात आणि सांगतात, "ताई, मी तर कॉटनच घालते, तरी नुसती उकडते." बहुतेक वेळा त्यांची साडी सुती असते. पण परकर सॅटिनचा, अस्तर पॉलिस्टरचं, ब्रा फोमची. अंगाला जे लागतं ते सगळं प्लॅस्टिकच्या जातीचं, आणि त्यावर चार हजारांची मलमल. म्हणून ज्यांना हा त्रास नुकताच सुरू झालाय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की नवी साडी घ्यायला मेन रोडला जाऊ नका. आधी आतून सुरुवात करा.

अंगात काय होतं, ते थोडक्यात

इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी व्हायला लागलं, की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. एरवी ज्या थोड्याशा उष्णतेकडे शरीर लक्षही देत नाही, तेवढ्यानेच आता "फार गरम झालं" असा निरोप जातो. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा-मान लाल होते, छातीत धडधडतं, घाम फुटतो. बहुतेक वेळा एक ते पाच मिनिटांत ही वाफ ओसरते. घाम वाळताना मात्र अंगावर शहारे येतात, कधी चक्क थंडी वाजते.

आपल्याकडे साधारण 46-47 च्या आसपास पाळी जाते. सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. वाफा मात्र त्याच्या आधीपासूनच सुरू होऊ शकतात आणि पुढे काही वर्षं राहू शकतात. म्हणजे एका उन्हाळ्यापुरती तडजोड करून भागत नाही, कपाटच नीट लावायला हवं.

कपड्याकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात. वाफ येते तेव्हा त्याने घाम शोषून उडू द्यायचा, आणि नंतर ओला राहून गारठवायचं नाही.

पहिली पायरी : दोरा जाळून बघा

दुकानात "कॉटन" हा शब्द फार सैल वापरला जातो. "कॉटन मिक्स", "कॉटन फील", "कॉटन सिल्क" म्हणून येणाऱ्या बऱ्याच कापडांत निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असतं. कोरड्या 100 ग्रॅम सुती कापडाला साधारण 7 ते 8 ग्रॅम ओल नुसत्या हवेतून धरून ठेवता येते. पॉलिस्टरला अर्धा ग्रॅमही जमत नाही. घाम त्याच्यावरून नुसता ओघळतो.

परीक्षा घरच्या घरी होते. कपड्याच्या आतल्या शिवणीत जी माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते, तिथून दोन-चार दोरे ओढून काढा. एक उभा, एक आडवा, कारण काही कापडांत ताणा सुती आणि बाणा दुसराच असतो. दोरे चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. अंगावर नायलॉनचा गाऊन असताना हे करू नका, पदरही खोचून घ्या. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि राख बोटाने चोळली की भुरभुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. मिक्स कापडात राख होते पण तिच्यात बारीक खडे लागतात. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, सुतासारखंच जळतं. त्याचं काही वाईट नाही, पुढे सांगते.

एका दुपारी कपाटातले सगळे ब्लाऊज, परकर, कुर्ते असे बघून काढा. मणी झालेले एका बाजूला ठेवा. फेकायचे नाहीत, थंडीत चालतील.

ओटीत आलेल्या ब्लाऊज पीसबद्दल इथेच सांगते. आपल्या सगळ्यांच्या कपाटात त्यांची चळत असते आणि "अस्तराला हाच घ्या" म्हणून बायका तो माझ्या हातात ठेवतात. त्यातले फार थोडे सुती निघतात. दोरा जाळल्याशिवाय ते अस्तराला देऊ नका.

दुसरी पायरी : अगदी आतले कपडे

ब्रापासून सुरू करू. फोमचे कप म्हणजे छातीवर बांधलेली उशी. वाफ नेमकी तिथूनच निघते आणि तिथेच कोंडते. साधी, होजिअरी कॉटनची, फोम नसलेली, रुंद पट्ट्यांची ब्रा घ्या. घेण्याआधी माप नव्याने घ्या. या वयात अंगाची ठेवण बदलते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मापाची ब्रा घालणाऱ्या कितीतरी जणींच्या पाठीवर मी मापाची टेप लावताना खोल वळ पाहिलेत. घट्ट इलॅस्टिकखाली घाम साचतो आणि स्तनांच्या खाली कातडी लाल होते. तिथे मलमलीची छोटी घडी ठेवली तर ओल टिपली जाते, ती दिवसातून दोनदा बदलायची. खाज सुटली, वास यायला लागला, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने आज बरं वाटतं आणि महिनाभरात दुप्पट होतं. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

निकरही सुतीच, आणि मांडीच्या सांध्यात न रुतणारी. या काळात खालची कातडी कोरडी आणि नाजूक होते, लघवीची जळजळ काहींना वरचेवर होते. नायलॉनच्या लेसची निकर त्यात भर घालते. पाळी अजून अनियमित असेल तर ती कधीही आणि कितीही येऊ शकते. तेव्हा बाहेर जाताना खालचं वस्त्र गडद रंगाचं आणि पर्समध्ये पॅड, एवढं धरूनच चाला.

परकराकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गरमी तोच करतो. हल्ली साडी चापूनचोपून बसावी म्हणून लायक्राचा, मासोळीच्या आकाराचा परकर निघालाय. फोटोपुरता ठीक. दिवसभर घालाल तर कंबरेपासून पोटरीपर्यंत हवा म्हणून लागणार नाही. साधा पॉपलीनचा, कळ्यांचा, पायात थोडा घेर असलेला परकर शिवून घ्या. सव्वादोन मीटर कापड पुरतं. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो घोट्याच्या वर येईल. नेफ्यात बारीक गोल नाडी घालू नका, दोन बोटं रुंद चपटी नाडी घाला आणि गाठ रोज एकाच जागी मारू नका. घट्ट नाडीच्या वळात घाम मुरून कातडी काळी पडते, सोलते. वर्षानुवर्षं तिथे जखम राहिली तर ती साधी राहत नाही. अशा जागी कातडीचा कॅन्सर झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

तिसरी पायरी : शिंप्याला काय सांगायचं

इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि ब्लाऊज चुकला तर बाकी सगळं फुकट जातं.

साडी नेसलेल्या बाईला वाफ आली तर तिला पटकन काढून ठेवता येईल असं अंगावर काहीच नसतं. त्यामुळे ब्लाऊजच मुळात हवेशीर हवा. सगळ्यात चांगला म्हणजे बिनअस्तराचा, टू बाय टू रुबियाचा. गडद रंगाचा घेतलात तर आतलं दिसत नाही. अस्तर लागणारच असेल तर ते मलमलीचं किंवा पातळ कॅम्ब्रिकचं, तेही पाण्यातून काढलेलं, आणि ते तुम्ही स्वतः आणून द्या. "अस्तर तुमच्याकडचंच लावा" म्हटलं की दुकानात जो ताका उघडा असेल तो लागतो. बाहीला अस्तर नको, असं स्पष्ट सांगा.

मुंडा अर्धा इंच खोल करायला सांगा. काखेत कापड रुतलं की घाम वाढतो आणि चट्टे पडतात. छातीला नेहमीच्या मापापेक्षा एक इंच सैल. बायका घाबरतात, "ढगळ दिसेल." नाही दिसत. पाठीला थोडी खोली दिली आणि खांद्याची रेघ नीट बसवली, की अंगासरशीच दिसतो, फक्त कातडी आणि कापड यांच्यात वाऱ्याला जागा राहते. गळा पुढून व्ही किंवा चौकोनी. बंद गळा, कॉलर, बोटनेक या काळात विसरा. मान उघडी असली की वाफ लवकर उतरते. बाही कोपराच्या वर, तिचा घेर सैल. मागे हुक असलेला ब्लाऊज घाईच्या वेळी स्वतःला काढता येत नाही, म्हणून हुक पुढेच. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत एक-एक इंच माया. या वर्षांत वजन मागेपुढे होतं, टीप उसवून ब्लाऊज सैल करता आला पाहिजे.

सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या एक वहिनी माझ्याकडे येतात. त्यांचा गणवेश मिक्स कापडाचा, वरून अॅप्रन. कापड बदलायची मुभा नव्हती. आम्ही कुर्त्याच्या काखेखाली तळहाताएवढी, त्याच रंगाच्या मलमलीची चौकोनी ठिगळं आतून घातली, पाठीच्या वरच्या भागातलं अस्तर काढून टाकलं आणि बाजूच्या फटी दोन इंच वर नेल्या. दहा दिवसांनी त्या मुद्दाम सांगायला आल्या, की दुपारच्या शिफ्टमध्ये आता डोकं भणभणत नाही. तुमच्याकडेही गणवेशाची सक्ती असेल तर आधी त्याच रंगात सुती शिवायची परवानगी मागून बघा. नाही मिळाली तर हा मार्ग आहे.

चौथी पायरी : आता वरचं कापड

मलमल आणि व्हॉइल रोजच्या साडीला सगळ्यात सुखाचं. कोटा डोरियाच्या चौकटीतून वारा आरपार जातो, घ्यायचीच तर सुती कोटा. मंगळगिरी आणि जाड हातमाग टिकायला उत्तम, पण मे महिन्याच्या दुपारी जड होतात. सुती साडीला कडक खळ करायची आपली सवय इथे अडते. खळीने विणीतली भोकं बुजतात आणि कापड घाम पीत नाही. हलक्या हाताने इस्त्री करा, खळ नको. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावणही नको, त्याने सुताची शोषून घ्यायची ताकद कमी होते.

ड्रेस घालणाऱ्यांसाठी सोपं आहे, कारण थर करता येतात. आत बिनबाह्यांचा सुती कुर्ता, वर पुढून उघडं पातळ जॅकेट किंवा सुती ओढणी. वाफ आली की वरचं काढायचं, शहारे आले की परत घ्यायचं. लेगिंग सोडा. त्याऐवजी सुती सलवार किंवा पलाझो. रेयॉनचे कुर्ते स्वस्त आणि मऊ असतात, सुतापेक्षाही जास्त घाम शोषतात, पण ओले झाले की अंगाला चिकटतात आणि धुताना आटतात. एक माप मोठा घ्या.

रंगाचं म्हणाल तर आकाशी, करडा, फिकट गुलाबी यांच्यावर घामाचा ओला डाग लांबून दिसतो. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक छापाच्या कापडावर दिसत नाही. उन्हात फिरायचं असेल तर पांढरा किंवा फिकट छापाचा, घरात-ऑफिसात असाल तर गडद. मला स्वतःला बगरू छापाचे बारीक बुट्टे फार उपयोगी पडलेत.

माझी आजी सुती लुगडं नेसायची, आत परकर नाही, वरून सैल चोळी. कासोट्यामुळे पाय मोकळे. तिला या वाफांचा त्रास झाला का ते तिने कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही, याचं आता वाईट वाटतं.

गाडीवरून बाहेर पडताना

द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला एप्रिलच्या दुपारी थांबलं की पारा 40 च्या आसपास असतो आणि डांबरातूनही वाफ येते. आपण सगळ्या जणी स्कार्फ, सनकोट, हातमोजे चढवून निघतो. हे तिन्ही बहुतेक पॉलिस्टरचे असतात. सनकोट पातळ पांढऱ्या सुती कापडाचा, सैल, पुढून चेनचा घ्या किंवा शिवा. स्कार्फ मलमलीचा, निघताना ओला करून पिळून मानेभोवती घ्या. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, ओलं कापड भरभर वाळतं आणि वाळताना गारवा देतं. हेच पंच्यानेही होतं, आणि पंच्याइतकं गुणी कापड दुसरं नाही. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत एक ओला पंचा, एक कोरडा रुमाल, हातपंखा, पाण्याची बाटली आणि घडी करून एक जास्तीचा ब्लाऊज किंवा कुर्ता. केस वर बांधा. जड मंगळसूत्र आणि मानेला घासणारी चेन उन्हातून जाताना पदराखाली ठेवू नका, खाली घाम साचून घामोळं उठतं. चहा गरमागरम आणि मिसळ झणझणीत असेल तर काहींना त्यानेही वाफ येते. तुम्हाला येते का ते आठवडाभर लक्ष ठेवून बघा, उगाच सगळं सोडू नका.

हा कोरड्या हवेचा फायदा जून-जुलैत राहत नाही. पावसाळ्यात जाड सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि वाफेनंतर कुडकुडायला होतं. तेव्हा शक्य तितकं पातळ सुती, आणि बदलायला जास्तीचा जोड. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना हा फरक एका सकाळीच कळतो. नाशिकरोडला छान वाटणारा खादीचा कुर्ता कसारा घाट उतरून कल्याणला पोचेपर्यंत दमट फडक्यासारखा होतो. त्या दिवशी व्हॉइल किंवा पातळ मलमल घाला.

लग्न आणि हळदीकुंकू

येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे पैठणी प्रत्येकीकडे एक तरी असते आणि मे महिन्यातल्या लग्नात ती नेसायचीच असते. नेसा. फक्त ब्लाऊजचं अस्तर मलमलीचं, परकर सुती, आणि मुहूर्त लागला, फोटो झाले, की बदलायला महेश्वरी किंवा पातळ सुती साडी सोबत. घरी आल्यावर पैठणी लगेच घडी घालून ठेवू नका. घामाने रेशमावर डाग पडतात, जरीचे काठ काळवंडतात. सावलीत, वाऱ्यावर रात्रभर पसरा. हॉलमध्ये गेल्यावर खुर्ची दारापाशी किंवा कूलरसमोर बघून बसा, आणि वाफ आली तर उठून बाहेर जायला कोणाची परवानगी मागू नका. शेजारणीला सांगून ठेवलेलं बरं असतं. माझं भय चैत्रगौरीला शेजारी बसलेल्या वहिनींच्या एका वाक्याने अर्धं झालं होतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

कपड्यांनी वाफ थांबत नाही, ती सोसायला सोपी होते. रोजची झोप, कामकाज बिघडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हार्मोनचे आणि हार्मोनशिवायचेही उपचार आहेत, कोणाला कोणते चालतील ते तपासूनच ठरतं. वर्षभर पाळी बंद असताना परत रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर थांबू नका. चाळिशीच्या आत पाळी बंद झाली तरी दाखवा. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर तो पाळीचा घाम समजू नका, टीबीची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. छातीत दुखून घाम फुटला तर लगेच दवाखाना.

रात्र

नाशिकला एक सुख आहे, संध्याकाळनंतर वारा सुटतो आणि पहाटे हवा बरीच उतरते. पण त्यामुळेच दोनला घामाने जाग आणि चारला थंडी, असं होतं. सॅटिनचे आणि नायलॉन लेसचे गाऊन काढून टाका. जुन्या मऊ सुती साडीचा गाऊन शिवा, सैल, गुडघ्याखालपर्यंत, पुढून टिचबटणं लावून. दोन शिवा, कारण दुसरा उशाशी लागतो. अंधारात, दिवा न लावता, झोपमोड न होता बदलता आला पाहिजे, म्हणून तो उलटा-सुलटा न बघता घालता येईल असा साधा ठेवा. फोमच्या गादीवर कापसाची पातळ गादी किंवा जुनी गोधडी पसरा, वर सुती चादर. पांघरायला एक जाड न घेता दोन पातळ घ्या, म्हणजे एक पायाने सरकवता येतं. पंचा ओला करून, पिळून खाटेच्या कठड्यावर टाका. जाग आली की तोंड, मान, मनगटं पुसायची, आणि परत तिथेच पसरायचा.